सहाव्या आठवड्याची फाइल

१

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, अकोल्याच्या जठारपेठेत, पूर्णाकाठ बियाणे संघाच्या कचेरीत, दहा माणसांसमोर माझ्या आत्याचा प्रोग्राम मेला.

एकदम मेला असता तर बरं झालं असतं. तो चार मिनिटं दहा सेकंद धापा टाकत राहिला. पडद्यावरचं चक्र फिरतंय, फिरतंय, आणि संघाचे व्यवस्थापक खुशालराव हातातल्या घड्याळाकडे बघतायत. शेजारच्या खुर्चीवर शुभम बसलेला. त्याच मशीनवर, त्याच वीस हजार ऑर्डरी त्याच्या प्रोग्रामने बावीस सेकंदांत उरकल्या होत्या.

संघाचे अकरा डेपो आहेत. कोणत्या दुकानदाराला सोयाबीन किती, तूर किती, सगळं एका म्हाताऱ्या प्रोग्रामवर चालतं, तो बदलायचा होता. अकोल्याच्या एका कंपनीचा शुभम डॉटनेटवाला. अमरावतीची रागिणी आत्या जावावाली; प्रोग्राम लिहायच्या या दोन भाषा. संघाने दोघांना सांगितलं, थोडं थोडं करून दाखवा, एकाच मशीनवर तोलू, मग ठरवू. गुरुवारी दोघांनी आपापलं बसवून दिलं, शुक्रवारी चाचणी.

"मॅडम," खुशालराव म्हणाले, "चहा पिऊन येईपर्यंत होईन का हे?"

दोघंतिघं हसले. आत्याने लॅपटॉप मिटला. वायर नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. मला तेच जास्त लागलं.

"सोमवारी समिती बसन," खुशालराव म्हणाले. "तवरिक या मशीनले कोणी हात नाई लावायचा. अन् मॅडम, राग नका मानू, पण तुमचं नाव मी आता काय तोंडानं पुढं करू?"

खाली रस्त्यावर आल्यावर आत्या एकच वाक्य बोलली. "परवा घरी चोवीस सेकंदांत झालं होतं, दामिनी."

"मग?"

"मग काय. पुण्यावाल्यांना सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. देऊन टाकते."

सहा वर्षं ती पुण्याच्या नोकरीला नाही म्हणत होती. अमरावतीत तीन जणांचं ऑफिस, दोन पोरी तिच्याच हाताखाली शिकलेल्या. हे काम गेलं तर ऑफिस बंद, आणि आत्या पुण्यात कुणाच्या तरी काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. मी यंदा दहावीत जाणार. जावा मला तिनेच शिकवली. शाळेच्या स्पर्धेत मी पहिली आले तेव्हा तिने मोहल्लाभर पेढे वाटले होते.

चोवीस सेकंदांचं चार मिनिटं आपोआप होत नाही. कोणीतरी केलं होतं. मी ठरवलं, ते मी शोधणार.

२

शनिवारी सकाळी मी बाबांसोबत बडनेऱ्याहून गाडीत बसले. बाबा म्हणजे देवमन, संघातच ऑपरेटर, दुकानदारांच्या ऑर्डरी मशीनवर भरतात. रोज अमरावती-अकोला अपडाउन करतात.

"तू कायले येऊन राहिली?" बाबांनी विचारलं.

"तपास करायला."

"तपास!" समोरच्या सीटवरचे एक काका म्हणाले. "पोलीस भरतीत जा पोट्टे, तिथं जागा हाय."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

कचेरीत शनिवारी अर्धा दिवस. शुभम आलेला होता. त्याच्यावर माझा पहिला संशय, आणि मी तो लपवलाही नाही.

"तुम्ही जिंकलात तर फायदा तुमचाच," मी म्हणाले.

"खरंय," तो म्हणाला. "पण मला ते जिंकणं पचत नाहीये. जावा आणि डॉटनेटमध्ये एवढा फरक असूच शकत नाही. दोन्हींची चाल जवळपास सारखी. आधी जावा कुठल्याही मशीनवर चालायची आणि डॉटनेट फक्त विंडोजवर, तो फरक मोठा होता. आता डॉटनेटही लिनक्सवर चालतं. फरक उरला तो कोणाला काय येतं एवढाच. तुमच्या अमरावतीच्या कॉलेजांत जावा शिकवतात, तर तुम्हाला जावाची पोरं मिळतात. मला डॉटनेटची मिळतात. बावीस आणि अडीचशे सेकंद? हे म्हणजे दोन सख्खे भाऊ आणि त्यातला एक अचानक लंगडा."

"मग दाखवा मशीन."

"खुशालराव म्हणाले, हात लावायचा नाही."

"डोळे लावायचे नाहीत असं म्हणाले का?"

तो हसला आणि उठला. मशीन बाबांच्या टेबलामागच्या खोलीत होतं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला, त्यामुळे कोणाला माहीत होता हा प्रश्नच नाही. आत्याच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असते, प्रोग्राम सुरू होताना ती आधी वाचली जाते. मशीनची किती मेमरी वापरायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. आत्याने तिथं २०४८ लिहिलं होतं.

पडद्यावर होतं ९६.

"अरे देवा," शुभम हळूच म्हणाला. "हिला पाय पसरायला जागाच ठेवली नाही."

फाइल बदलल्याची वेळ, शुक्रवार दुपार, एक वाजून वीस मिनिटं. आणि तिच्याच खाली आणखी एक फाइल होती. तिचं नाव, जुनी-ख६.

३

ती मी उघडून बघितली. आत २०४८.

म्हणजे कोणीतरी आधी आत्याच्या फाइलची नक्कल करून ठेवली आणि मग मूळ फाइल बिघडवली. घर फोडायला आलेल्या चोराने आधी मालकासाठी दुसरं कुलूप आणून ठेवावं, तसं. मी दोन्हींचे फोटो काढले.

बाहेरच्या टेबलावर पिंकीताई होती, बाबांच्या शेजारची ऑपरेटर.

"नक्कल काढून ठेवली?" ती म्हणाली. "मंग तो आमच्यातलाच कोणी. लोडशेडिंगच्या टायमात अर्ध्यात लाइट जाये अन् अख्खी फाइल मरे. तवापासून हाताले सवयच हाय. कोणत्याबी फाइलीले हात लावाच्या आधी जुनी म्हणून एक काढून ठेवाची. मी तं मोबाइलमधल्या फोटोचीबी काढते."

"आणि ख६?"

"ख म्हंजे खरीप. पुढं आठवडा." ती थांबली. बोटांवर मोजलं. "पण हे चुकलं हाय. एक एप्रिलपासून मोजतात. सध्या नववा चालू हाय. सहावा तं तीन हप्त्यांआधी सरला."

"तीन आठवड्यांपूर्वी आत्याचा प्रोग्राम इथं नव्हताच. परवा बसवलाय."

"मंग भुतानं काढली आसन," पिंकीताई म्हणाली आणि डब्बा उघडला. "शेंगदाण्याची चटणी घे. काल एक वाजता मी कुठं होती ते बी इचारून घे, मनात कायले ठेवतं? वर गच्चीवर पापड वाळू घातले होते आमच्या झाडूवाल्या बाईनं, ते उचलाले गेली होती. चार बाया होत्या. साक्षीदार पाह्यजे का?"

शुक्रवारी खुशालराव आणि शुभम एक ते दोन भोजनालयात एकत्र जेवत होते. खुशालरावांनी ते स्वतः सांगितलं, वर शुभमने किती पोळ्या खाल्ल्या तेही सांगितलं. आणि त्यांना स्वतःला तर माउस धरता येत नाही. त्यांची मेलसुद्धा बाबा उघडून वाचून दाखवतात.

मग उरलं कोण?

परत येताना गाडीत गर्दी होती. बाबांनी मला खिडकी दिली आणि स्वतः उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ फोटो बघितला.

"मंग झालं ना," ते म्हणाले. "फाइल कोणीतरी बदलली, हे समितीले दाखव. तुही आत्या सुटली. बस."

"आणि ज्याने केलं तो?"

"नाव काहून पाहिजे तुले?"

"बाबा, नाव नसेल तर ती रहस्यकथा कसली?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

४

रविवारी मी आत्याकडे गेले. ती कपाट रिकामं करत होती. फोटो पाहून ती पलंगावर बसली.

"शहाण्णव," ती म्हणाली. "म्हणजे ज्याने केलं त्याला समजत होतं. प्रोग्राम पुसून टाकला असता तर लगेच कळलं असतं. त्याने फक्त मंद केला. मी मूर्ख ठरावी एवढाच."

ती बोलताना मला आमच्याकडचं एक जेवण आठवलं. पंधरा दिवसांपूर्वीचा रविवार, वांग्याची भाजी, ठेचा. तेव्हा आत्याने मला ही मेमरीची गोष्ट समजावली होती. जावाला मोठी खोली दिली तर ती आरामात काम करते, कचरा साठला की एकदा झाडू मारते. खोली अगदी छोटी दिली तर बिचारी काम कमी करते आणि झाडूच मारत बसते. बाबांनी मधेच विचारलं होतं, "अन् बंद नाई पडत?" आत्या म्हणाली होती, "नाही दादा, तेच तर. चालत राहते, पण रडत रडत."

ते आठवलं आणि मी पुढे गेले. थांबले नाही. आता लिहिताना वाटतं, तिथं थांबायला हवं होतं.

कारण माझं डोकं भलतीकडे धावत होतं. मला उत्तर सापडलं होतं! प्रोग्रामर माणसाला फाइलवरची वेळ बदलता येते. म्हणजे शुभमचं जेवण खोटं नाही, पण वेळ खोटी असू शकते. गुरुवारी प्रोग्राम बसवायला तो तिथं होताच. संशय ऑपरेटरांवर यावा म्हणून त्याने त्यांच्या पद्धतीची नक्कल काढली, त्यांचंच नाव दिलं, पण बाहेरचा माणूस असल्यामुळे आठवडा चुकला. सहा लिहिलं, नऊ हवं होतं. हाच तो पुरावा!

"आत्या, उद्या तू फक्त बस," मी म्हणाले. "बोलेन मी."

"फोटो पुरे आहे दामिनी. फेरचाचणी मागू, झालं."

"नाही. तुला सगळ्यांसमोर हसले ते. सगळ्यांसमोरच नाव निघालं पाहिजे."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग ती कपाटाकडे वळली आणि दोन साड्या परत आत ठेवल्या.

५

सोमवारी समितीचे पाच जण, खुशालराव, शुभम, आम्ही दोघी. पिंकीताई आणि बाबा दाराशी उभे, कारण कागद लागले तर ऑपरेटर हवेत.

मी फोटो दाखवले. २०४८ चं ९६ कसं झालं ते सांगितलं. समितीच्या अध्यक्षांनी लगेच मान हलवली. "म्हंजे मॅडमचा दोष नाई. आकडा नीट करा अन् पुन्हा चालवून पाहा."

शुभमनेच आकडा नीट केला. आत्याच्या प्रोग्रामला तेवीस सेकंद लागले.

खोलीत कोणीतरी टाळी वाजवली. आत्याने डोळे मिटले, उघडले. तेवढ्यावर सगळं मिळालं होतं. तिचं नाव स्वच्छ झालं होतं. दाराशी बाबांनीसुद्धा खांदे सैल सोडले, ते मी बघितलं आणि मला वाटलं, त्यांना बहिणीसाठी आनंद झाला.

"आता नाव," मी म्हणाले.

"राहू दे दामिनी," आत्या म्हणाली.

"नाही! ज्याने हे केलं तो या खोलीत आहे." मी शुभमकडे बोट दाखवलं आणि माझा सगळा तर्क ओळीने मांडला. वेळ, नक्कल, चुकलेला आठवडा. शुभम खुर्ची सरकवून उठला. तो एवढंच म्हणाला, "मीच तुला मशीन दाखवलं ना?"

"ज्याने लिहिलं त्याला संघाचे आठवडे मोजता येत नव्हते," मी म्हणाले. "खुशालराव, तुम्हीच सांगा. शुक्रवारी सहावा आठवडा आहे असं या संघातला कोणता माणूस म्हणेल?"

खुशालराव विचार करत होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर आठवलं म्हणून पोराला आनंद व्हावा, तसे ते बोलले.

"म्हनन ना. आमचा जुना अमरावती डेपो. ते लोक एक एप्रिल नाई मानत. आखजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, बियाण्याची पूजा करून पयली ऑर्डर घेत, अन् तिथूनच आठवडे मोजत. आखजीपासून धरलं तं..." त्यांनी बोटांवर मोजलं. "बरोबर सहावा."

"पण तो डेपो तं बंद पडला," अध्यक्ष म्हणाले. "तीन वर्षं झाले."

"हो. तिथून एकच माणूस इकडं घेतला आपण."

बाकीचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. मी मात्र ते पूर्ण ऐकलं. चौदा वर्षं अमरावती डेपोत. रोज एक ते दोन याच मशीनच्या खोलीबाहेर, स्वतःच्या टेबलावर डब्बा खाणारा. अन् बंद नाई पडत?

पिंकीताई दाराच्या चौकटीपासून बाजूला सरकली. चौकटीत बाबा एकटे राहिले.

६

"दादा?" आत्या म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी नाही म्हणून बघितलंसुद्धा नाही.

"काहून?"

पुण्याला जायला निघालेली माझी आत्या त्या क्षणी वऱ्हाडीत बोलली.

बाबा अध्यक्षांकडे नाही, तिच्याकडेच बघत होते. "तुह्या प्रोग्राममंदी दुकानदार फोनवरून आपली ऑर्डर आपणच भरते. तूच दाखवलं होतं मले, खुशीत. त्याच्या प्रोग्राममंदी हरेक डेपोत एक मशीन अन् मशीनवर एक माणूस. अकरा डेपो, अकरा माणसं. तुमी दोघं महिनाभर जावा तोलली, डॉटनेट तोललं. आमाले कोणी तोललं का?"

"मला सांगायचं होतंस ना."

"सांगून काय केलं असतं तू?"

"दादा, भाषेचा काही संबंध नव्हता," ती म्हणाली. "मी डॉटनेटमध्ये लिहिलं असतं तरी फोनवर चाललं असतं. त्याने जावात लिहिलं असतं तरी माणूस लागला असता. काय बनवायचं ते आधी ठरतं. तू भलत्यालाच मारलं. मला मारलं."

"तू गाव सोडून जाशीन असं नव्हतं वाटलं," बाबा म्हणाले. "वाटलं, हे नाई तं दुसरं काम भेटन तुले. तू हुशार हाय."

अध्यक्षांनी सगळ्यांना बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी आत बोलावलं. बाबा निलंबित, चौकशी होणार. ते अपेक्षित होतं. मग अध्यक्ष आत्याकडे वळले, आवाज मऊ करून.

"मॅडम, तुमचा प्रोग्राम चांगला हाय. पण उद्या काई बिघडलं तं लोक म्हणतीन, बहीण बनवते अन् भाऊ बिघडवते. तुमच्या घरातलं आमच्या मशीनवर नको. काम शुभमच्या कंपनीले देऊ." आणि त्याच दमात शुभमकडे बघून, "पण ते फोनवरून ऑर्डर भरायचं आमाले लय आवडलं बुवा. तुमच्यात बसते का ते?"

शुभमने आधी आत्याकडे बघितलं, मग बाबांकडे. खोटं बोलणं त्याला जमलं असतं. निदान त्या दिवशी जमावं असं मला वाटलं.

"कशातही बसतं," तो म्हणाला.

मी त्याची माफी मागितली, जिन्यात. तो म्हणाला, "तर्क चांगला होता." मी जन्मात कुणाचा एवढा राग केला नसेल. त्याचा नाही, त्या शब्दाचा.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं एकाच डब्यात. बाबा दाराशी उभे होते. आत्या पुण्याच्या माणसाशी फोनवर बोलत होती, एक तारखेपासून चालेल का, हो, चालेल. मूर्तिजापूरला फुटाणेवाला आला, तिने तीन पुड्या घेतल्या. एक मला दिली. एक हातात धरून ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली आणि मग तीही मलाच दिली.

"नेऊन दे," ती म्हणाली.

मी दिली. बाबांनी घेतली, उघडली नाही.

"तू कुठंच चुकली नाई पोट्टे," ते म्हणाले. "शेवटचं सोडून सगळं बरोबर, अन् शेवटचं त्या खुशालरावनं दुरुस्त केलं."

"बाबा, मला थांबता आलं असतं."

"हो," ते म्हणाले. "मलेबी."

बडनेऱ्याला उतरलो. स्टेशनबाहेर अमरावतीच्या ऑटोंची रांग होती. आत्या एकात बसली. बाबा मागच्या ऑटोकडे गेले, जणू ते दोघं एका गाडीने आलेच नव्हते. मी मधे उभी. आत्याच्या ऑटोत एकच जागा उरली होती आणि ड्रायव्हर माझ्याकडे बघून ओरडत होता, "एक सवारी, राजकमल चौक, एक सवारी!"

मी आत पाय टाकला. आत्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि मला परत खाली उतरवलं.

"त्याच्यासोबत जा," ती म्हणाली. "घरी तुझ्या आईला सांगायचंय. ते तू सांग. तुला सांगता येतं."

ऑटोवाल्याने तिसऱ्याच कोणाला तरी बसवलं आणि गाडी सुरू केली.